सुट्या कामाचे युग : स्वतंत्र व्यवसायाची पूर्वतयारी

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



पन्नास वर्षांपूर्वी घरातला मुलगा वयात आला की त्याच्यापुढे ढोबळमानाने दोन वाटा असत. वडिलांच्या गादीवर बसणे ही पहिली आणि बँक, आयुर्विमा, कारखाना किंवा शाळा यांपैकी कोठेतरी कायम नोकरी धरणे ही दुसरी. 'कायम' या शब्दाला त्या काळी केवढे वजन होते! लग्नाच्या याद्या त्या एका शब्दावर होत असत. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या आयुष्यात त्या शब्दाला अर्थच उरला नाही. कापडाच्या पेठेशी संबंध असलेल्या घरांना तो इतिहास नव्याने सांगावा लागत नाही.

आज तिसरी वाट तयार झाली आहे. घराच्या माडीवर संगणकासमोर बसलेली मुलगी पुण्याच्या एखाद्या कंपनीसाठी जाहिरातीची चित्रे तयार करते. शेजारच्या घरातला मुलगा परदेशातील एखाद्या दवाखान्याचे हिशेब लिहितो, तर तिसरा कोणी तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांची संकेतस्थळे सांभाळतो. यांपैकी कोणाकडेही नेमणूकपत्र नसते. मिळकत पुष्कळदा नोकरदारापेक्षा कमी नसते. परंतु स्थळ पाहायला आलेले पाहुणे 'मुलगा कोठे असतो?' असे विचारतात तेव्हा 'घरीच असतो' हे उत्तर देताना आईचा आवाज खाली जातो. या खाली गेलेल्या आवाजात समाजाची एक मोठी गफलत दडलेली आहे. वडीलधारी मंडळी या कामाला 'काही नसण्यापेक्षा बरे' असे मानतात आणि तरुण मंडळी त्याला 'साहेब नसलेली नोकरी' असे मानतात. दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत, कारण दोन्हींमुळे पूर्वतयारी राहून जाते.

'गिग' हा शब्द मूळचा अमेरिकेतील जॅझ वादकांच्या बोलीतला. एका रात्रीचा कार्यक्रम आणि एका रात्रीची बिदागी, असा त्याचा अर्थ. मराठी मुलखात बँडवाले आणि कलापथके 'सुपारी' घेतात, तोच हा प्रकार. प्रत्येक काम सुटे. ते संपले की संबंध संपला, पुढची सुपारी मिळेल तेव्हा मिळेल. निती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२०-२१ साली देशात असे काम करणारे सुमारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने गिग कामगाराची व्याख्या प्रथमच केली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीनुसार ॲपद्वारे काम देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी द्यावयाची आहे. मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा आहे. दुचाकीवरून घरोघर पार्सल पोहोचविणाऱ्यांसाठी हे पाऊल महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. परंतु माडीवर बसून स्वतःचे गिऱ्हाईक स्वतः शोधणाऱ्या मुलीला त्या तरतुदीचा आधार फारसा मिळणार नाही. तिची तरतूद तिलाच करावी लागेल. आजचा विषय मुख्यतः तिच्याविषयी आहे.

ही पद्धत नवी आहे असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. त्यातून वाढलेल्या उद्योगात 'खर्चीवाला' नावाचा एक वर्ग तयार झाला. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला आपल्या मागावर कापड विणून देतो आणि विणाईची मजुरी पिकाच्या हिशेबाने घेतो. माग त्याचा, वीजबिल त्याचे, कामगाराचा पगार त्याचा, मोडतोड झाली तर तीही त्याची. बाजारात मंदी आली की व्यापारी त्याला कामावरून काढून टाकत नाही; तो फक्त पुढचा बीम पाठवीत नाही. आजच्या ॲपवाल्या कंपन्यांनी शोधून काढलेली ही मोठी युक्ती इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगाव यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्या खर्चीवाल्यांपैकी काही जण पुढे स्वतः सूत घेऊन स्वतःचे कापड विकू लागले, तर काहींना माग भंगारात विकावे लागले. दोघांची यंत्रे तीच आणि कौशल्यही तेच होते. नशिबाचा आणि भांडवलाचा भाग सोडला तर फरक एवढाच की, एकाला आपल्या एका मीटरची खरी पडतळ ठाऊक होती आणि दुसरा मिळेल ती मजुरी घेऊन माग चालू ठेवीत होता.

येथेच पूर्वतयारीचा मूळ मुद्दा सापडतो. जो तरुण नोकरी सोडून स्वतंत्र काम धरतो, तो दुकान काढतो. दुकानाला फळी नाही, गल्ला नाही, वजनकाटा नाही. म्हणून ते दुकान आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही, इतकेच. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवीत आला आहे आणि तरीही याच समाजातील मुले संगणकाचे उत्तम शिक्षण घेऊन या धंद्यात उतरताना आजोबांच्या रोजमेळातले एक पानही बरोबर नेत नाहीत, ही आश्चर्याची गोष्ट होय.

पहिली बाब खेळत्या भांडवलाची. नोकरदाराला पहिल्या महिन्याच्या कामाचे पैसे महिनाअखेर मिळतात. स्वतंत्र काम करणाऱ्याचा पहिला महिना गिऱ्हाईक शोधण्यात जातो, दुसरा काम करण्यात, तिसरा त्यातील दुरुस्त्यांमध्ये. त्यानंतर बिल जाते आणि ते बिल समोरच्याच्या टेबलावर दीड महिना पडून राहते. म्हणजे पहिला रुपया हाती येण्यास साडेचार महिने सहज लागतात. यासाठी नोकरी सोडण्यापूर्वी किमान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असला पाहिजे. तो जमत नसेल तर नोकरी चालू ठेवून सायंकाळी लहान कामे घ्यावीत. मात्र नेमणूकपत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे काय, हे आधी वाचून पाहावे. पुष्कळ नेमणूकपत्रांत ती असते आणि मालकाच्या पाठीमागे सुरू केलेला धंदा पुढे बाजारात पत मिळवून देत नाही. वैयक्तिक कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर घरखर्च भागवून हा काळ काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ज्याला महिनाअखेर हप्ता भरायचा आहे तो भावाची घासाघीस करू शकत नाही. मिळेल त्या दराने त्याला काम घ्यावे लागते आणि एकदा पडलेला दर पुन्हा चढत नाही.

दुसरी बाब दराची, आणि सर्वांत जास्त मुले येथेच फसतात. समजा, एका मुलीच्या घराला दरमहा ४०,००० रुपये लागतात. ती सरळ ३० ने भागते आणि दिवसाला १,३३३ रुपये मिळाले की झाले, असे मानते. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातील चूक दिसेल. वर्षाचा घरखर्च ४,८०,००० रुपये. संगणकाचा घसारा, सॉफ्टवेअरचे भाडे, इंटरनेट, वीज आणि आरोग्य विमा मिळून समजा १,२०,००० रुपये. नोकरीत असती तर भविष्य निर्वाह निधीत मूळ वेतनाच्या १२ टक्के मालकाने भरले असते, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान साठले असते. त्यांच्या बदली म्हातारपणाची तरतूद म्हणून ९०,००० रुपये. बेरीज ६,९०,००० रुपये. आता दिवस मोजू. ३६५ पैकी ५२ रविवार, सणांचे १३ आणि आजारपण व घरच्या कार्यांचे २० वजा जाता २८० उरतात. या २८० दिवसांपैकी निम्मे दिवस गिऱ्हाईक शोधणे, भाव सांगणे, बिले करणे, वसुलीचे फोन आणि नवीन शिकणे यांत जातात. त्यांचे पैसे कोणी देत नाही. पैशाचे दिवस राहिले १४०. तेव्हा एका दिवसाचा दर पडतो सुमारे ४,९३० रुपये, म्हणजे सहा तासांच्या दिवसात तासाला ८२० रुपयांच्या आसपास. यात नफा धरलेला नाही आणि आयकरही धरलेला नाही. १,३३३ आणि ४,९३० यांमधील अंतर हीच पुष्कळ स्वतंत्र व्यावसायिकांच्या तिसऱ्या वर्षातील निराशेची किंमत असते. बाजार हा दर देणार नाही, असे कोणी म्हणेल. तसे असेल तर कौशल्य वाढवावे, गिऱ्हाईक बदलावे किंवा नोकरी करावी. तोट्यातला माल विकून दुकान चालत नाही, हे सांगायला हिशेबनिसाची गरज नाही.

गिऱ्हाइकांच्या बाबतीतही पेढीचा जुना नियम लागू पडतो. निम्म्याहून अधिक विक्री एकाच दुकानाला होत असेल तर घाऊक व्यापारी स्वस्थ झोपू शकत नाही. एकाच कंपनीचे काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक हा वस्तुतः भविष्य निर्वाह निधी नसलेला नोकर असतो. कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडून एकूण मिळकतीच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक येऊ लागले की नवे गिऱ्हाईक शोधण्याची वेळ झाली, असे समजावे. हाच निकष कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांनाही लावावा. फाइव्हर हे २०१० साली इस्रायलमध्ये सुरू झालेले संकेतस्थळ प्रत्येक कामाच्या मोबदल्यातून २० टक्के कापून घेते. कापडाच्या पेठेत दलालाला २० टक्के दलाली द्यायची कल्पनाही कोणी करणार नाही. तथापि, निष्पक्षपणे सांगायचे तर हा दलाल सातासमुद्रापलीकडचे अनोळखी गिऱ्हाईक दारात आणतो आणि त्याच्याकडून पैसे आधीच जमा करून घेतो. नवख्याला त्याचे मोल आहेच. यात्रेत मांडलेल्या दुकानासारखा त्याचा उपयोग करावा. नाव व्हावे, चार माणसे ओळखीची व्हावीत, पण घर मात्र यात्रेच्या भरवशावर चालवू नये. कारण तेथील क्रम आणि नियम एका रात्रीत बदलतात, खाते बंद झाले तर दाद कोणाकडे मागावी हेही पुष्कळदा कळत नाही. शिवाय तेथे भेटलेल्या गिऱ्हाइकाशी ठरावीक मुदतीपर्यंत बाहेर व्यवहार करण्यास मनाई असू शकते. ती अट आधी वाचावी.

सौदा तोंडी करण्याची या पेठेची परंपरा थोर आहे, पण ती एकमेकांच्या तीन पिढ्या ओळखणाऱ्यांची परंपरा होती. स्वतंत्र कामात लेखी चिठ्ठी हवीच. त्यात काय करून द्यायचे, किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या, कोणत्या तारखेला, आगाऊ रक्कम किती आणि काम अर्ध्यावर थांबले तर काय, एवढे चार ओळींत लिहिले तरी पुरते. आगाऊ रक्कम देण्यास जो कुरकुर करतो तो शेवटची रक्कम देताना हसतमुख असेल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय. 'आधी एक काम नमुना म्हणून करून दाखवा' अशी मागणीही सर्रास होते. कापडाचा व्यापारी नमुना म्हणून तुकडा देतो, तागा देत नाही. पूर्वी केलेली कामे दाखवावीत. नवे संपूर्ण काम फुकट करून देऊ नये.

या चिठ्ठीत आणखी एक ओळ असावी, जी बहुतेकांना माहीत नसते. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ प्रमाणे नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा किंवा संगणक आज्ञावलीचा पहिला मालक सामान्यतः तो स्वतःच असतो. पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र किंवा व्यक्तिचित्र यांना अपवाद आहे. तेथे वेगळे ठरले नसल्यास हक्क गिऱ्हाइकाकडे जातो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो आणि लेखात मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आपल्याकडे विकण्यासारखी आणखी एक वस्तू आहे, हे मुलांना ठाऊक असले तर भाव ठरविताना त्यांचा आवाज थोडा खंबीर राहील.

वसुली हा कटू विषय आहे. पण त्याला बगल देऊन हे व्याख्यान पुरे होणार नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ हा केवळ कारखान्यांसाठी आहे असा समज आहे. सेवा देणारी एकटी व्यक्तीही उद्यम नोंदणी करून सूक्ष्म उद्योग म्हणून त्यात येऊ शकते. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, ती घरबसल्या होते आणि विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. नोंदणी काम सुरू होण्यापूर्वीची असावी. तशी असल्यास गिऱ्हाइकाने ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे देणे बंधनकारक आहे. लेखी मुदतच ठरली नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. याखेरीज आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की, सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्या वर्षीच वजावटीस मिळतो. २०२४ च्या आरंभी याच तरतुदीवरून कापड बाजारात केवढी खळबळ उडाली होती, हे सभागृहातील अनेकांच्या स्मरणात असेल. त्या वेळी पेठेने ही तरतूद देणेकऱ्याच्या बाजूने पाहिली. आज तीच तरतूद घरातल्या मुलीच्या बाजूने पाहायची आहे.

आणि आता एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. या तरुणांची सर्वांत अवघड उधारी बहुतेक वेळा परक्यांकडे नसते. दुकानाचे नवे बोधचिन्ह, लग्नपत्रिकेची मांडणी, महोत्सवाची चित्रफीत, पेढीचे संकेतस्थळ, संस्थेचे हिशेब संगणकावर चढविणे, ही कामे ओळखीच्या मुलाला सांगितली जातात. 'घरचाच आहे, त्याला काय पैसे द्यायचे?' असे एकदा म्हटले की तो गप्प बसतो. सुताराने कपाट केले तर त्याला संध्याकाळी पैसे मिळतात. मुलाने आठ रात्री जागून केलेल्या कामाला मात्र शाल, श्रीफळ आणि 'दिवाळीनंतर बघू' असे उत्तर मिळते. येथे कोणाच्या हेतूविषयी शंका नाही. जी वस्तू हातात धरता येत नाही तिची किंमत मोजण्याची सवय जुन्या पिढीला नाही, एवढेच कारण आहे. परंतु याचा परिणाम असा होतो की मुलगा परगावच्या गिऱ्हाइकाशी मोकळेपणे भाव बोलतो आणि स्वतःच्या गावात तोंड चुकवितो. ज्याला सेवा म्हणून काम करायचे असेल त्याने ते अवश्य विनामूल्य करावे. पण ते दान आहे की व्यवहार आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे, आणि ते ठरविण्याचा अधिकार काम करणाऱ्याचा आहे, करून घेणाऱ्याचा नव्हे.

घरातील वातावरणाचाही येथेच विचार करावा. मुली आणि सुना यांच्यासाठी हे काम फार सोयीचे, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. सोय कोणाची, हे तपासून पाहावे. सून माडीवर कामात असताना दुपारी गॅसवाला आला तर हाक तिलाच जाते, पाहुणे आले तर चहा तिनेच टाकायचा, मुलाच्या शाळेतून फोन आला तर धावायचे तिनेच. कारण 'ती घरीच असते'. मग तिचे सहा तास रात्री अकरानंतर सुरू होतात. दुकानात बसलेल्या मुलाला कोणी दुपारी दळण आणायला पाठवीत नाही. ज्या घराला हिची मिळकत हवी आहे त्या घराने तिला एक खोली, एक दार आणि त्या दाराआड ठरलेली वेळ दिली पाहिजे. संगणकाच्या किमतीपेक्षा ही गुंतवणूक स्वस्त आहे, तरीही ती करताना हात आखडतो.

करांविषयी थोडक्यात. धंद्याचे बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून पहिल्या दिवसापासून वेगळे असावे. गल्ल्यातून भाजीसाठी पैसे काढणाऱ्या दुकानदाराचे काय होते, हे या सभेला सांगण्याची आवश्यकता नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. परदेशी दिलेली सेवा निर्यातीच्या अटींत बसत असेल तर नोंदणीनंतरही हमीपत्र भरून कर न आकारता देता येते. १९६१ च्या आयकर कायद्यातील ४४ एडीए या कलमाने वकील, वैद्यक, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, गृहसजावटकार अशा ठरावीक व्यावसायिकांना एकूण प्राप्तीच्या ५० टक्के नफा धरून विवरणपत्र भरण्याची मुभा दिली. प्राप्तीची मर्यादा ५० लाख, आणि रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सोय ठेवलेली आहे. अशांनी संपूर्ण अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरावयाचा असतो, हे विसरल्यास व्याज लागते. भाषांतर, लेखन किंवा समाजमाध्यमांवरील काम यांत बसते की नाही, हे सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावे. चित्रफीत पाहून ठरवू नये. मोठ्या कंपन्या व्यावसायिक शुल्कातून साधारणतः १० टक्के टीडीएस कापतात. तो गेलेला पैसा नव्हे, शासनाकडे आपल्या नावे जमा झालेली रक्कम आहे. मात्र विवरणपत्र भरल्याशिवाय ती परत मिळत नाही.

विम्याचे महत्त्व सर्वांना पटते, हप्ता भरण्याची वेळ आली की ते कमी पटते. नोकरीतील गट विमा नोकरीबरोबरच जातो, म्हणून राजीनामा देण्यापूर्वी स्वतःचा आरोग्य विमा उतरवून ठेवावा. व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. म्हातारपणासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आहे आणि १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झालेली राष्ट्रीय पेन्शन योजनाही आहे. ज्या महिन्यात चांगले बिल वसूल होईल त्याच महिन्यात त्यात भर टाकावी. मंदीच्या महिन्यासाठी ठेवलेली रक्कम मात्र यात अडकवू नये. दोन्हींचे काम वेगळे आहे.

कौशल्याविषयी एक शंका पालक हल्ली आवर्जून विचारतात. यंत्रच लिहू लागले, चित्रे काढू लागले, मग या मुलांचे काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट जीपीटी आले तेव्हापासून शब्दांच्या मोजमापावर होणारे साधे लेखन, साधे भाषांतर आणि ठोकळेबाज चित्रे यांचे भाव टिकविणे कठीण झाले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. यंत्रमाग आला तेव्हा साध्या पांढऱ्या कापडाचा हातमाग आधी अडचणीत आला आणि पैठणी टिकून राहिली, हे उदाहरण पुष्कळदा दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण प्रत्येक विणकर पैठणी विणू शकत नाही. अधिक उपयोगी सल्ला असा की, कौशल्याला एखाद्या धंद्याची आतली माहिती जोडावी. केवळ संकेतस्थळ बनविणारे हजारो आहेत; परंतु कापडाचा व्यापार, त्यातील वटाव, परतीचा माल आणि हंगाम ज्याला कळतो आणि त्याप्रमाणे जो संकेतस्थळ व हिशेब बसवून देतो, असा माणूस शोधूनही सापडत नाही. पेढीवर वाढलेल्या मुलाजवळ हे ज्ञान फुकट आलेले असते. ते त्याला कमीपणाचे वाटते, हीच खरी अडचण.

शेवटी एक व्यावहारिक सूचना, कारण तिचा उपयोग कळेपर्यंत तीन वर्षे निघून गेलेली असतात. पहिल्या वर्षी मिळकत करपात्र मर्यादेच्या खाली असेल तरी विवरणपत्र भरावे. लग्न ठरते, घर घ्यायचे ठरते आणि बँकेत गृहकर्जासाठी गेल्यावर नोकरदाराकडे पगाराची पावती मागितली जाते; स्वतंत्र व्यावसायिकाकडे मात्र मागील दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रे आणि ताळेबंद मागितले जातात. ते मागे जाऊन हवे तसे तयार करता येत नाहीत. ज्याची नोकरी अजून चालू आहे आणि घर घेण्याचा विचार पक्का आहे, त्याने कर्ज आधी घ्यावे की राजीनामा आधी द्यावा, हे पगाराच्या पावत्या हाती असतानाच घरच्यांबरोबर बसून ठरवावे. आणि कर्ज आधी घेतल्यास सहा महिन्यांच्या त्या वेगळ्या खात्यात हप्त्याची रक्कमही धरावी.